बगळ्याची दोन पानं

१

पाळण्यात काहीतरी चुरचुरलं.

टेबलावर चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही उघडी होती. एका बाजूला पाद्रीसाहेब, दुसऱ्या बाजूला गिल्बर्ट, माझा नवरा, हात मागे बांधून, मार खायला बोलावलेल्या पोरासारखा उभा. बाळाने पाय झाडले, गादीतला भुसा वाजला, आणि त्या आवाजाचीच वाट पाहत असल्यासारखे पाद्रीसाहेब बोलले.

“दोन पानं गेली आहेत, गेडेस. फाटलेली नाहीत. कापलेली आहेत.”

मी वाकून पाहिलं. शिवणीच्या आत, अगदी मुळाशी, कागदाची कड उरली होती. सरळ नव्हे, छोट्या कात्रीने कुरतडत नेल्यासारखी, नागमोडी.

आमच्या खोऱ्यात शाळेचा मास्तर तोच चर्चचा कारकून. नोंदवही त्याच्या घरात, त्याच्या कपाटात, त्याच्या किल्लीखाली. आणि ते घरसुद्धा शाळेचंच. नोकरी गेली की छप्पर गेलं.

“कोणती पानं?” गिल्बर्टने विचारलं. त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

“एक सतराशे नव्व्याण्णवचं. हेक्टरसाहेब आणि ग्रिझलबाई, जुळ्यांचा बाप्तिस्मा. दुसरं पाच वर्षांनंतरचं. त्यांचा धाकटा भाऊ, अकरा दिवसांत गेला तो.” पाद्रीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “त्या बिचाऱ्याच्या पानाचं कुणाला काय पडलंय, देव जाणे. पण शनिवारी एडिनबराहून वकील येतोय, ते पहिलं पान बघायला. शनिवारपर्यंत सापडलं नाही तर मला किल्ली परत घ्यावी लागेल. कपाटाचीही आणि घराचीही.”

आज बुधवार होता. बाहेर फेब्रुवारीचं बर्फ गुडघाभर.

पाच वर्षांची जेसी टेबलाखालून वर आली आणि नोंदवहीवर नाक टेकवून म्हणाली, “माझे बगळे उडाले.”

“जेसी, बाजूला हो.”

“हा बाळ आल्यापासून सगळंच उडायला लागलंय,” ती म्हणाली. “याला परत कधी न्यायचं?”

२

आर्डव्हेनीची गादी म्हणजे तीन किताबांचं एक गाठोडं. लॉर्ड आर्डव्हेनी हा मोठा किताब. त्याखाली दोन लहान, कुठल्यातरी दलदलीच्या आणि पडक्या बुरुजाच्या नावाचे. पहिल्या लॉर्डला राजाने ते दिले तेव्हा रीत नेहमीचीच होती, बापामागून मुलगा. पण तिसऱ्या लॉर्डने एक वेगळंच केलं. त्याचे दोन मुलगे एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि शहाणी एकच, ती म्हणजे थोरली मुलगी. मग त्याने तिन्ही किताब राजाच्या हातात परत ठेवले आणि नव्या शब्दांत पुन्हा मागून घेतले: पहिलं अपत्य, मग तो मुलगा असो वा मुलगी.

ती मुलगी लेडी आर्डव्हेनी झाली. तिच्यामागून चार पिढ्या पहिला मुलगाच जन्मत गेला, आणि ते शब्द सनदेबरोबर लोखंडी पेटीत झोपून राहिले.

नोव्हेंबरात म्हातारे लॉर्ड वारले, पेटी उघडली, आणि शब्द जागे झाले. हेक्टरसाहेब पंचेचाळीस वर्षं ‘आर्डव्हेनीचे मास्टर’ होते. लॉर्डच्या वारसाला आमच्याकडे मास्टरच म्हणतात. गावातले टवाळ म्हणायचे, आपल्याकडे मास्तर दोन, एकाकडे छडी आहे, दुसऱ्याकडे तीही नाही. आता त्यांची जुळी बहीण विचारत होती: आधी कोण आलं?

सनद लॅटिनमध्ये होती, आणि ग्रिझलबाईंना लॅटिन वाचायला मदत कुणाची? माझ्या नवऱ्याची.

नोव्हेंबरपासून ती दोघं शाळेच्या खोलीत एका कागदावर डोकी वाकवून बसत. मी पोट सांभाळत दारावरून जायचे. गिल्बर्ट हसायचा. ते हसू मला लग्नाच्या पहिल्या वर्षी मिळालं होतं. त्यानंतर ते कुठे ठेवलंय हे मला ठाऊक नव्हतं. मला ना लॅटिन येत होतं, ना माझ्याकडे रेशमी हातमोजे होते. मला एवढंच दिसायचं की ग्रिझलबाईंच्या हनुवटीवर पाच-सहा राठ केस आहेत, आणि ते पाहून मला फार बरं वाटायचं.

ते केस सगळ्या खोऱ्याला माहीत होते. शाळेतली पोरं भिंतीआडून ओरडायची, “ग्रिझलबाईने भावाची दाढी पळवली!” हेक्टरसाहेबांचे गाल खरंच लोण्यासारखे गुळगुळीत. कुणाला त्यात चिडवण्यापलीकडे काही दिसलं नव्हतं.

पाद्रीसाहेब गेल्यावर मी बाळाला छातीशी धरून विचारलं, “तुम्ही कापलंत का? तिच्यासाठी?”

गिल्बर्ट इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं.

“एल्सपेट, त्या पानात कुणाचं नाव आधी होतं हेही मला माहीत नाही. सूची तर तूच केलीस ना गेल्या हिवाळ्यात?”

खरं होतं. सूची माझ्याच अक्षरात होती, पण आडनावांनुसार. क्रम मी पाहिलाच नव्हता. जेसी मांडीवर बसलेली असायची, आणि मी नावं शोधायची तेवढ्यात ती चित्रं शोधायची.

“किल्ली कुठे होती?” मी विचारलं.

“बाळंतपणात तूच कमरेची काढून पलंगाच्या खांबाला अडकवलीस. दहा दिवस तिथेच होती.”

त्या दहा दिवसांत आमच्या घरात चार माणसं येऊन गेली होती. त्यातली एक तर मला नकोच होती.

३

मी गुरुवारी सकाळी बाळाला शालीत गुंडाळून वर मोठ्या घरी जायला निघाले, तर एपीमावशीने दारातच अडवलं.

एपी आमच्या खोऱ्याची सुईण. सत्तरीला टेकलेली, पण तिच्या हातात बाळ दिलं की ते गप्प. माझी दोन्ही बाळंतपणं तिनेच केली, आणि अजून रोज येऊन बाळाला बांधून जात होती.

“कुठे निघाली? बाप्तिस्म्याआधी लेकरू उंबऱ्याबाहेर? शुद्धीवर आहेस ना?”

“मग मी एकटी जाते.”

“तू पण नाही. चर्चला जाऊन आल्याशिवाय बाळंतिणीने कुणाच्या घरी पाऊल टाकायचं नसतं. त्यांनाच बोलावून घे. थोरामोठ्यांना बाळ बघायला यायला काही धाड भरत नाही.”

जेसीच्या हाती चिठ्ठी पाठवली. दुपारी हेक्टरसाहेब आणि त्यांच्या बायको शार्लटबाई आले. शार्लटबाई दक्षिणेकडल्या, इंग्रज. आमच्या रितीभाती त्यांना नाटकासारख्या वाटायच्या. मागच्या वेळी बाळ बघायला आल्या तेव्हा त्यांनी रितीचा पावाचा आणि चीजचा तुकडा नको म्हटला, आणि निघताना गाडीतली पायाची शेगडी थंड झाली म्हणून चुलीतले दोन निखारे मागितले. एपीने त्यांच्या हातातला चिमटा हिसकावला होता.

“बाप्तिस्मा व्हायचाय अजून! या घरातून काडीसुद्धा बाहेर जायची नाही. विस्तव नाही, मीठ नाही, काही नाही. लेकराचं नशीब जातं त्याच्याबरोबर.” आणि स्वतः निघताना तिने उंबऱ्यात उभं राहून परकराला चिकटलेले पावाचे कण झटकून आत टाकले होते. शार्लटबाई गाडीत बसेपर्यंत हसत होत्या.

आज त्या हसत नव्हत्या.

“तुमचा संशय माझ्यावर आहे,” त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. “असणारच. मला लेडी व्हायचंय, नाही कशाला म्हणू? ग्रिझल मला वीस वर्षं टेबलाच्या खालच्या टोकाला बसवते. पण मला कापायचंच असतं तर मी एकच पान कापलं असतं, बाई. दोन कशाला?”

“शार्लट,” हेक्टरसाहेब म्हणाले.

“अहो, तुम्ही गप्प बसून-बसूनच ही वेळ आलीय!”

मी हेक्टरसाहेबांना विचारलं, “मागच्या आठवड्यात तुम्ही सूपासाठी ससा घेऊन आलात, तेव्हा शाळेच्या खोलीत एकटेच बसला होतात.”

“होतो. कपाटाकडे बघत बसलो होतो.” त्यांनी गुळगुळीत गालावरून हात फिरवला. “उघडावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण मला भीती वाटली, मिसेस गेडेस. ग्रिझल माझ्याआधी वाचायला शिकली. आईच्या मांडीवर. मी चार वर्षांचा होईतो एपीच्या झोपडीत होतो, मी कुणाच्या मांडीवर शिकणार? एपीला स्वतःचं नावही गिरवता येत नाही. सगळं ग्रिझलला आधी मिळालं. म्हटलं, हेही तिलाच आधी मिळालं असेल तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं.”

पाळण्यात पुन्हा चुरचुर झाली. एपीने चटकन बाळाला उचललं आणि हेक्टरसाहेबांच्या हातात दिलं.

“धर रे. घाबरू नको, मोडत नाही ते.”

पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ‘धर रे’ म्हणणारी खोऱ्यात ती एकटीच.

ते गेले, आणि तासाभराने ग्रिझलबाई आल्या. हातमोजे, पुस्तक, सगळं तेच.

“गिल्बर्ट कुठे आहेत?” त्यांनी विचारलं. गेडेस नाही, गिल्बर्ट.

“शिकवताहेत,” मी म्हटलं. “तुमच्यामुळे त्यांची नोकरी जायची वेळ आलीय.”

“माझ्यामुळे? ते पान नाहीसं झालं तर मीच बुडाले! हेक्टर आहे तिथेच राहील. ज्याला सिद्ध करायचंय ती मी.”

“पानात तुमचं नाव आधी होतं, हे तुम्हाला काय माहीत?”

त्या हनुवटीवर बोट ठेवून, ते नेमकं त्या केसांवर, म्हणाल्या, “माहीत नाही. मी सहा वर्षांची असताना आई गेली, आणि त्या दिवसापासून घरात मुलगा तोच काय तो. वडिलांनी मला एकदासुद्धा काही विचारलं नाही. तुमचा नवरा मला विचारतो, बाई. ‘तुम्हाला काय वाटतं, या शब्दाचा अर्थ काय?’ एवढंच. तुम्हाला ते रोज मिळतं.”

मला ते रोज मिळत नव्हतं, पण हे मी तिला सांगणार नव्हते.

म्हणजे चारांपैकी तिघांशी बोलून झालं होतं, आणि तिघंही मला खरीच वाटत होती.

४

शुक्रवारी शाळा सुटल्यावर एपी बाळाला चुलीपाशी मांडीवर घेऊन बसली होती. जेसी तिच्या पायाशी. मी पेज ढवळत होते, पण मन शनिवारी होतं. सामान कुठल्या गाडीत भरायचं, पाळणा मावेल का, याच्यात.

“रविवारी दोन बाप्तिस्मे आहेत,” एपी बाळाशीच बोलत होती. “तू आणि गिरणीवाल्याची पोर. ती तुझ्याहून तीन दिवसांनी थोरली आहे, पण आधी तूच हं, राजा. पाद्री काही म्हणू दे.”

“का?” जेसीने विचारलं. “ती थोरली ना?”

“थोरली असली म्हणून काय झालं? मुलगा आणि मुलगी एकाच दिवशी असले की पाणी आधी मुलाला. मुलीला आधी दिलं तर मुलाची दाढी तिला जाते. मग तो आयुष्यभर—”

एपी थांबली.

माझ्या हातातला डाव थांबला.

पेज करपायला लागली, तरी दोघींपैकी कुणी हललं नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही. आत शाळेच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि जेसीच्या छोट्या बाकावर बसले.

दाढी भावाची, गेली बहिणीकडे. पोरं उगीच ओरडत नव्हती. त्यांच्या आज्यांनी ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या चर्चमध्ये, सगळ्या खोऱ्यासमोर, पाणी आधी मुलीच्या डोक्यावर पडलं होतं. कारण विसरलं गेलं, टिंगल उरली. आणि या खोऱ्यात कुठली आई उगीच ही रीत मोडेल? ती एकाच कारणासाठी मोडेल. मुलगी आधी जन्मली आणि ते लिहून ठेवायला हवं होतं म्हणून.

म्हणजे ते पान ग्रिझलबाईंच्या बाजूचं होतं. त्यांच्यावर जीव असलेला कुणी ते कापणार नाही. गिल्बर्टही नाही. मी त्या बाकावर बसून आधी थोडी रडले, मग पुढचा विचार केला.

ज्याने कापलं त्याला गादीवर हेक्टर हवा होता. मग दुसरं पान का? अकरा दिवसांच्या बाळाचं? ‘दोन कशाला?’ शार्लटबाई म्हणाल्या होत्या. ज्याला वाचता येतं त्याला एक पुरे.

माझे बगळे उडाले.

मी सूची उघडली आणि डोळे मिटले. गेल्या हिवाळ्याची ती दुपार आठवली. जुन्या कारकुनाला एक खोड होती. लॉर्डच्या घराण्याची नोंद आली की तो समासात त्यांच्या ढालीवरचा बगळा काढायचा, एका पायावर उभा. सबंध वहीत बगळे दोनच. जेसीने पुन्हा पुन्हा मोजले होते. तिला अक्षरं येत नव्हती, म्हणून ती बगळे शोधायची.

आणखी कुणालातरी अक्षरं येत नव्हती.

मी बाहेर आले. एपी निघायच्या तयारीत उंबऱ्यात उभी राहून परकर झटकत होती.

“मावशी,” मी म्हटलं, “आत या. तुम्ही या घरातून काडीही नेत नाही. मग ती पानं अजून इथेच आहेत ना?”

५

भुसा मऊ वाजतो, गवतातल्या पावलासारखा. चुरचुरतो तो कागद. दोन मुलांची आई असून हा फरक मला तीन दिवस कळला नव्हता.

मी पाळण्यातली गादी उलटी केली. एका कडेला नवे टाके होते, सुईणीचे, बारीक. एपीने स्वतःच खिशातली कात्री काढून ते उसवले.

“हीच,” ती म्हणाली. “हिनेच माझ्या हेक्टरची नाळ कापली होती. पानंही हिनेच कापली.”

दोन्ही पानं घडी घालून ठेवलेली, भुशाने माखलेली. एका पानावर बगळा, आणि त्याखाली जुन्या कारकुनाचं तिरकं अक्षर: *ग्रिझल, पहिली, हेक्टर, तिच्यामागून. आईच्या आग्रहावरून मुलीचा बाप्तिस्मा आधी.*

“जाळली का नाहीत?”

“बाप्तिस्म्याची नावं जाळतात का गं? काय बोलतेस!” ती खरंच दचकली. “रविवारी याच्यावर पाणी पडलं की घर मोकळं झालं असतं. मग नेली असती. माझ्या पेटीत, माझ्या कफनाच्या कपड्यात ठेवली असती.”

“आणि आम्ही? आम्ही कुठे गेलो असतो?”

“पाद्री असं करेल हे मला ठाऊक नव्हतं. परवापासून झोप नाही मला. पण तोंड उघडेना.”

मग ते तोंड उघडलं, आणि थांबलंच नाही.

“बर्फ होतं, असंच. आधी पोरगी आली. बाईसाहेबांनी तिला छातीशी घेतलं आणि तिच्यातच हरवल्या. मग हा आला. निळा पडलेला. मी पाठीवर थोपटून, तोंडात फुंकर घालून रडवला. म्हटलं, बाईसाहेब, मुलगा! त्यांनी मान वळवली नाही. दूध एकालाच पुरेल, म्हणाल्या. ‘थोरलीला मी पाजते, पेटीतल्या सनदेप्रमाणे तिला आर्डव्हेनी मिळायचंय. याला तू घेऊन जा.’ माझं स्वतःचं त्याच आठवड्यात गेलं होतं. छाती भरलेली. मी शालीत घालून नेला.” तिने नाक पुसलं. “चार वर्षं माझा होता. मग गाडी आली आणि घेऊन गेली. मी रोज लांबून बघायची, ती पोरगी मांडीवर आणि हा दाराशी. एवढी एकच गोष्ट त्याला तिच्याआधी मिळाली होती, एल्सपेट. चुकून मिळाली होती. ती पण काढून घ्यायची?”

मला तिच्यावर चिडायचं होतं. तीन दिवस माझ्या लेकरांचं छप्पर तिने गादीत शिवून ठेवलं होतं. पण जिला दुसरीच्या मांडीचा इतकी वर्षं मत्सर वाटत आला, तिला मी काय बोलणार? मीही नोव्हेंबरपासून हनुवटीवरचे केस मोजत होतेच.

“उद्या तुम्ही स्वतः द्या ही पानं,” मी म्हटलं. “हेक्टरसाहेबांच्या हातात. वकिलाच्या नव्हे.”

६

शनिवारी सगळे शाळेच्या खोलीत होते. वकील, पाद्रीसाहेब, गिल्बर्ट, आणि एकमेकांकडे न बघणारी जुळी भावंडं. शार्लटबाई खिडकीपाशी. एपी आत आली, कुणालाही न विचारता हेक्टरसाहेबांपुढे गेली, आणि पानं त्यांच्या हातात ठेवली.

“तुझीच कापली होती रे,” एवढंच म्हणाली. “तुझ्यासाठी.”

त्यांनी वाचलं. दोनदा. त्यांच्या मागे शेकोटी पेटलेली होती, फार तर दोन पावलांवर.

मग त्यांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि एकदम हसले. “म्हणजे दाढीचं खरं होतं तर.”

पान त्यांनी बहिणीच्या हातात दिलं. ग्रिझलबाईंनी वाचलं, आणि त्यांचा हात हनुवटीवर गेला तो तिथेच राहिला. “मला वाटायचं,” त्या म्हणाल्या, “आईनंतर कुणालाच मी आठवत नव्हते. आणि ही पोरं रोज भिंतीआडून तेच ओरडत होती.”

“लेडी आर्डव्हेनी,” वकील म्हणाला, आणि खुर्चीतून उठला.

पाद्रीसाहेबांनी किल्ली टेबलावरून सरकवत गिल्बर्टकडे दिली. “एपीचं काय करायचं ते सोमवारी बघू. रविवारी मला सुईण लागणार आहे.” गिल्बर्टने किल्ली घेतली नाही. माझ्याकडे बघितलं. “कारकुनी हिची,” तो म्हणाला. “मी फक्त सही करतो. एल्सपेट, तुला काय वाटतं, पानं शिवायची की डिंकाने लावायची?”

तो मला विचारत होता. मी म्हटलं, शिवायची.

खिडकीतून दिसलं: शार्लटबाई गाडीत एकट्याच चढल्या आणि दार आपटलं. हेक्टरसाहेब गाडीकडे गेले नाहीत. त्यांनी एपीचा हात आपल्या दंडावर घेतला आणि बर्फातून, तिच्या झोपडीच्या वाटेने, तिच्या पावलाने चालू लागले.

मी बाळाला पाळण्यात ठेवलं. भुसा मऊ वाजला, नुसता भुसा. जेसी माझ्या शेजारी काठावर हनुवटी टेकून उभी होती. एका हाताने ती पाळणा हलवत होती, दुसऱ्या हाताने माझा परकर घट्ट धरला होता.

“आई,” ती म्हणाली, “मी आणि हा एकदमच आलो असतो, तर तू एपीआजीकडे कुणाला दिलं असतंस?”